हिराबाईच्या चार गाठी

आमच्या सोलापूरच्या घरात दोरीवर कपडे कमी आणि पत्रकं जास्त वाळत असायची. वडील विडी कामगारांच्या संघटनेचं काम करायचे आणि स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत स्क्रीनवर पत्रकं छापायचे. ओली पत्रकं दोरीवर, खाटेवर, कधी माझ्या वह्यांवरसुद्धा. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. म्हणून माझ्या बोलण्यात उद्गारचिन्हं जरा जास्त असतात आणि कागदावर आलं की गोष्ट पक्की, असं मला अजूनही वाटतं. वाटायचं, म्हणू या. दिंडोरीहून येऊन मला आठ दिवस झालेत.

नाशिकला कोणी देवदर्शनाला जातं, कोणी द्राक्षं बघायला. मी गेले ते दिंडोरी तालुक्यातल्या एका केंद्रात. वीटभट्ट्यांवर वेठीला धरलेली माणसं सुटून आली की तिथे राहतात, दुखणी बरी करतात, काम शिकतात आणि मग आपापल्या पाड्यावर किंवा दुसरीकडे संसार मांडतात. हे सांगितलं की ओळखीतले लोक विचारतात, "वेठबिगारी? ते अजून चालतं?" चालतं! माझ्या जन्माच्या कितीतरी आधी कायद्याने ती बंद झाली आणि तरीही ज्या विटांच्या भिंतींत आपण राहतो त्यातल्या काही विटा कुणाच्या हातच्या आहेत हे आपण विचारत नाही. राग व्यक्त करून झाला. आता प्रवास.

फाट्यापासून पुढे

कंडक्टरने मला एक थांबा आधी उतरवलं, किंवा मीच घाईने उतरले. यावर आमचं एकमत होणं शक्य नाही. पुढची वाट द्राक्षबागांमधून होती. दसरा होऊन आठवडा झालेला, पाऊस नुकताच आवरलेला आणि काळी माती अशी चिकट की प्रत्येक पावलाला चप्पल म्हणे, तू जा, मी राहते. शेवटी उजव्या चपलेचा अंगठा तुटलाच. एका वायनरीच्या कमानीपुढे एक जोडपं फोटो काढत होतं. त्यांनी मला बाजूला व्हायची खूण केली. खांद्यावर पिशवी, पिशवीत वडिलांनी खास छापून दिलेली दोनशे पत्रकं, हातात चप्पल. मी त्यांच्या फोटोत शोभले नसतेच.

केंद्राच्या दारात कुसुमताई उभ्या होत्या. साठीच्या, उंच, दंडाला ताकद. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्यावर हे केंद्र चालवायला आल्या. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चप्पल हातात घेऊन आलीस? आल्या आल्या कोणाशी भांडण काढतेस?"

खोली दाखवली. पाय धुवायला बाहेर पडताना मी सवयीने दार ओढलं आणि कडी घालायला हात वर नेला. आमच्याकडे कुत्री घरात शिरतात. हाताला कडी लागली नाही. कडीच्या जागी लांबीने बुजवलेली चार भोकं लागली. शेजारच्या दारालाही तेच. स्वयंपाकघर, कोठार, फाटक, सगळीकडे चार चार बुजवलेली भोकं.

"बाहेरची कडी इथे एकाही दाराला नाही," कुसुमताई मागून म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यात मी स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन काढल्या. आतली कडी ज्याची त्याने लावायची. कुत्री येतात कधी कधी. येऊ देत."

त्या पहिल्या तासातच मला या बाईचा अभिमान वाटू लागला. मी पत्रकात लिहिलं असतं, 'बंधनं तोडा!' या बाईने स्क्रूड्रायव्हर घेतला होता.

'नाय'चा खेळ

संध्याकाळी दिवेलागणीला अंगणात सगळे जमले. मधे एक खुर्ची. जो खुर्चीवर बसेल तो मालक. त्याने हुकूम द्यायचा, समोरच्याने म्हणायचं 'नाय'. एवढाच खेळ. ऐकायला पोरकट वाटतो ना? मलाही वाटला.

पांडू नावाचा चाळिशीतला माणूस आधी खुर्चीवर बसला. पायावर पाय टाकला, नसलेल्या मिशीला पीळ दिला आणि ओरडला, "ए गण्या, माझी चप्पल आन!"

"नाय!"

"का रं नाय?"

"तुजी चप्पल तुज्याच पायात हाय!"

अंगण हसून लोळलं. मग पांडूने मला खुर्चीवर बसवलं. "ताई शहरातल्या हायत. मालकीन म्हनून शोभतील." मी लाजत बसले. समोर आली हिराबाई. पस्तिशीची असेल, पेठकडच्या एका पाड्यावरची. बारीक अंग, हातावर विटांच्या कडांनी कापल्याचे जुने पांढरे व्रण.

"पाणी आण," मी म्हणाले. आवाज मुद्दाम जरब बसेल असा काढला.

हिराबाईने मान खाली घातली. माझ्या पायांकडे पाहिलं. सगळे थांबले. कोणीतरी हळूच म्हणालं, "बोल ना, हिरामावशी." ती वळली, माठाकडे गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. दोन्ही हातांनी पुढे धरला.

कोणी हसलं नाही. मी तो तांब्या घेतला खरा, पण तसाच भरलेला खुर्चीखाली ठेवला.

नंतर भांडी घासताना कुसुमताईंनी सांगितलं. हिराबाई तीन हंगाम भट्टीवर होती. घरच्यांच्या दुखण्याला उचल घेतली होती, कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता आणि तो कागद पुढे धरून तिला जाऊ देत नव्हते. तिथे पाणी प्यायलाही विचारावं लागायचं. इथे येऊन आठ महिने झाले तरी माठाजवळ जाण्याआधी ती आजूबाजूला पाहते. आठ महिन्यांत या खेळात तिच्या तोंडून एकदाही 'नाय' निघालेलं नाही.

"आणि परवा आमच्या छाटणीच्या टोळीच्या वतीने बागवाल्याशी बोलायला तीच जाणार आहे," त्या म्हणाल्या.

"हीच? पांडूला पाठवा की!"

"ज्याला बोलता येतं त्यालाच दर वेळी पाठवलं, तर बाकीच्यांनी कधी बोलायचं?"

नागलीची भाकर आणि आठ माणसांचा हंगाम

दुसऱ्या दिवशी मला कोणी उठवलं नाही. इथे कोणीच कोणाला उठवत नाही. घंटा नाही, शिट्टी नाही. उजाडलं की ज्याची त्याला जाग येते. मला आठ वाजता आली आणि तेव्हा सगळे केंद्राच्या छोट्या बागेत कात्र्या घेऊन उभे होते. शरमेने मी धावत गेले.

न्याहारीला नागलीची, म्हणजे नाचणीची भाकर आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची चटणी. आमच्या सोलापूरला ज्वारीची कडक भाकरी मोडताना आवाज येतो, शेंगाचटणीचं तेल बोटांना लागतं. ही भाकर मऊ, विटकरी, ओल्या मातीसारखी. चटणी काळीभोर. मी आमच्या शेंगाचटणीची तारीफ सुरू केली तेव्हा पांडू म्हणाला, "ताई, खाताना दुसऱ्या गावची चटनी आठवायची नाय. हितली रुसती." दुसरी भाकर मी मुकाट्याने खाल्ली. चौथीपर्यंत सोलापूर विसरले होते. क्षमा असावी, सोलापूरकर.

दिवसभर हिराबाईसोबत राहिले. गोडी छाटणीचे, म्हणजे घड धरण्यासाठीच्या छाटणीचे दिवस. द्राक्षाच्या वेलाची प्रत्येक काडी हातात धरायची, तिच्यावरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, पाहायचे आणि नेमक्या डोळ्याच्या पुढे कापायचं. एक डोळा चुकला तर त्या काडीला घड नाही. मग उरलेल्या डोळ्यांवर औषधाची पेस्ट लावायची, म्हणजे सगळे एकदम फुटतात. ती पेस्ट उघड्या हाताला लागली तर कातडी सोलते. हिराबाई काडीकडे पाहायची, अर्धा श्वास थांबायची आणि कात्री चालवायची. मी दहा काड्या कापल्या. तिने त्यांतल्या सहांकडे पाहून नुसती नकाराची मान हलवली.

"कोणी शिकवलं?"

"हितंच. काडी बोलती. आपन ऐकायचं." मग आणखी दोन काड्या कापल्या. मग, "माला उद्याची लय भीती वाटती, ताई."

आणि तिने सरळ सांगितलं. केंद्रातली आठ माणसं मिळून टोळी झाली आहे. हंगामभराचं काम मिळालं तर ही आठजणं आपल्या पायावर उभी राहतील. नाही मिळालं तर पाड्यावर परतायचं, आणि दसरा झाला की पाड्यावर मुकादमाचा टेम्पो येतो. तोच मुकादम, तीच भट्टी. मागच्या वर्षी सुटलेल्यांपैकी दोन घरं काम नाही म्हणून परत त्याच टेम्पोत चढली होती.

"आन मी नाय बोलू शकले, तर आठजनं माझ्यामुळं चढतील," ती म्हणाली.

मी तिचा हात धरला. "मी आहे ना सोबत!" मी म्हणाले. अगदी मनापासून.

अण्णांची बाग

बागवाले निवृत्तीअण्णा गावातले बरे शेतकरी समजले जातात. पांढरी टोपी, खिशात दोन पेनं, ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभे. मजुरीचा दर कुसुमताईंनी आधीच बोलून ठेवला होता. बाकीच्या अटी टोळीने ठरवायच्या होत्या. कुसुमताई मुद्दामच आल्या नव्हत्या. मी मात्र गेले होते.

"बोला," अण्णा म्हणाले. "कोन बोलनार?"

हिराबाई पुढे झाली. तिने पदर घट्ट धरला होता. "आमचं म्हननं असं हाय..." आणि पुढे शब्द येईना. अण्णांनी वाट पाहिली, मग घड्याळ पाहिलं. पांडू पायाच्या बोटाने माती उकरत होता.

माझ्याने राहवलं नाही. मी पुढे झाले आणि जे माझ्या तोंडातून निघालं ते मला आज आठवलं तरी कानशिलं तापतात. कायदा, हक्क, हातमोजे, पिण्याचं पाणी, कामाचे तास! अण्णा आधी चमकले, मग चक्क ऐकू लागले. मला जोर चढला. "आणि हे सगळं लेखी हवं," मी म्हणाले. पिशवीतून पत्रक काढलं, त्याच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवून भराभर सगळ्या अटी लिहिल्या. अक्षर सुरेख आलं. अण्णांनी वाचलं, मान डोलावली आणि म्हणाले, "चालंल. लेखी तर लेखी. आपल्यालाबी बरं." त्यांनी खिशातल्या पेनाने सही केली, ट्रॅक्टरच्या खोक्यातून शाईचं पॅड काढून बॉनेटवर ठेवलं. "टेकवा आंगठे."

मी विजयी मुद्रेने वळले. आणि पाहिलं तर टोळी रांगेत उभी राहिली होती. कोणी सांगितलं नव्हतं. आठही माणसं, एकामागे एक, माना खाली. पांडूसुद्धा. परवाचा मिशीला पीळ देणारा पांडू. कागदावर काय लिहिलंय हे एकानेही विचारलं नाही. पहिल्या माणसाचा अंगठा पॅडकडे निघालाही होता. मी त्यांना हक्क मिळवून दिले होते आणि ती माणसं भट्टीवरच्या रांगेत जाऊन उभी होती.

"नाय."

आवाज इतका बारीक होता की आधी कोणाला कळलंच नाही.

"नाय," हिराबाई पुन्हा म्हणाली. ती अण्णांकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती. सरळ डोळ्यांत. "ताई, तुमी चांगल्या हाव. पन तुमी तिकडं बसा. झाडाखाली."

मी जाऊन बसले. कडुनिंब होता. तिथून सगळं ऐकू येत होतं.

"आंगठा नाय," हिराबाई अण्णांना म्हणाली. "माला वाचता येईल तवा सही करीन. आज आंगठा नाय."

"मग काय नुसतं तोंडी?" अण्णा वैतागले. "उद्या काम अर्धं टाकून पळून गेलात तर?"

"पळायला तुमी आमाला बांदून ठेवनार हाव का?"

पांडूच्या तोंडून हसू फुटलं. रांग मोडली. हिराबाईने वेली बांधायच्या सुतळीचे दोन तुकडे खांबावरून तोडून घेतले.

"माझा बाप कुनाशी काय ठरवलं की सुतळीला गाठ मारायचा. एक सुतळी आपली, एक समोरच्याची. गाठ मारताना दोघांनी बोलायचं." तिने दोन्ही तुकड्यांना पहिली गाठ मारली. "पेस्टला हात लावायच्या आधी हातमोजे. आठांना आठ जोड. बोला."

"मी काय शाळंत हाय का?"

"आमी तर हाव," हिराबाई म्हणाली. "बोला, अण्णा."

अण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "हातमोजे. आठ जोड," ते पुटपुटले.

दुसरी गाठ. पाण्याचं पिंप बागेत, सावलीला. कोणी कोणाला विचारून प्यायचं नाही. अण्णा बोलले. तिसरी गाठ. सूर्य डोंगराला टेकला की कात्री खाली. अण्णा बोलले. आता तिच्या आवाजाला धार आली होती.

"चौथी. ज्याला जायचं असंल त्यानं सांगून जायचं. अडवायचं नाय."

"हे नाय जमनार," अण्णा म्हणाले. "पेस्ट चालू असताना मानूस गेलं तर माझी बाग एका टायमाला फुटनार नाय. वर्षाचं नुसकान."

इथे मी झाडाखालून उठले होते. खोटं कशाला बोलू? उठले आणि परत बसले.

हिराबाई विचार करत राहिली. टोळी तिच्याकडे पाहत होती. टेम्पो किती जवळ आहे हे त्या सगळ्यांना माहीत होतं, मलाही. ती अट सोडली असती तर तिला कोणी दोष दिला नसता.

"अर्धी ओळ टाकून कोनी जानार नाय," ती म्हणाली. "एक गेला तर त्याची ओळ आमी सात जन करू. बाग तुमची फुटंल, ती माझी जबान. पन मानूस अडवायचं नाय. नायतर आमी निगतो."

"निगता? हंगाम सोडून?"

"हां."

ट्रॅक्टरवर एक साळुंकी येऊन बसली आणि उडून गेली. अण्णांनी सुतळीच्या तीन गाठी बोटांनी चाचपल्या.

"बांद," ते म्हणाले. "मानूस अडवायचं नाय. बांद चौथी."

परत येताना मी सगळ्यांच्या मागे चालत होते. कुसुमताईंना सगळं सांगितलं, स्वतःची फजितीही. मला वाटलं होतं रागावतील.

"कागद चुकीचा नव्हता," त्या म्हणाल्या. "कागद होणारच. मीच करून घेणार आहे. पण आधी त्यांना वाचू दे. तू रांग पाहिलीस ना? मग झालं."

तिसरी गाठ

शेवटच्या दिवशी टोळी पहिल्यांदा कामावर गेली. मीही गेले, पिंपातलं पाणी पीत कडुनिंबाखाली बसायला. आता ती माझी ठरलेली जागा होती. हातमोजे आले होते, पिवळे, कोपरापर्यंतचे. पांडूने ते घालून नवरदेवासारखे हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. दिवसभर कात्र्यांचा आवाज. दुपारी पाण्याला जाताना पहिल्या वेळी हिराबाईने आजूबाजूला पाहिलं. दुसऱ्या वेळी नाही. मी मोजत नव्हते, पण पाहत होते.

ऊन उतरलं. सूर्य डोंगराला टेकला. अण्णा आले, म्हणाले, "एवढ्या दोन ओळी राहिल्यात. उरकून टाका की."

हिराबाईने कमरेची सुतळी काढली. तिसरी गाठ बोटात धरून त्यांच्या पुढे केली. अण्णांनी पाहिलं. त्यांची स्वतःची सुतळी ट्रॅक्टरच्या आरशाला बांधलेली होती. त्यांनी तीही पाहिली आणि ट्रॅक्टर सुरू करायला निघून गेले. आठ कात्र्या खाली ठेवल्या गेल्या. बागेच्या कडेने आठ माणसं गप्पा मारत घराकडे निघाली. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. मी पुष्कळ मोर्चे पाहिले आहेत, वडिलांच्या खांद्यावर बसून, झेंडे घेऊन. त्या आठ माणसांच्या मोर्चात एकही घोषणा नव्हती आणि मला वाटलं, वडिलांना हे दाखवायला हवं होतं.

त्या संध्याकाळी खुर्ची पुन्हा अंगणात आली. पांडूने मला ओढत नेऊन बसवलं. "मालकीन, उद्या जानार. शेवटचा हुकूम सोडा."

समोर हिराबाई.

"पाणी आण," मी म्हणाले. या वेळी आवाजात जरब आणायचा प्रयत्नच केला नाही. जमलंच नसतं.

हिराबाईने कमरेवर हात ठेवले. माझ्या पायांकडे पाहिलं नाही.

"नाय!"

अंगणात जो आरडाओरडा झाला तो फाट्यापर्यंत गेला असेल. पांडूने टोपी उडवली. कुसुमताई डोळे पुसत उगीच चुलीच्या धुराला शिव्या देत होत्या. चूल विझलेली होती.

गडबड ओसरली तसा सगळा घोळका पांगला. मी खुर्चीवरच होते. हिराबाई माठाकडे गेली. कुणाकडे न पाहता तांब्या बुडवला, उभ्याने गटागटा प्याली, तोंड पुसलं. मग तांब्या परत भरला आणि माझ्याकडे घेऊन आली. एका हातात, सहज, जशी शेजारीण देते तसा.

"माला तहान लागली होती," ती म्हणाली. "तुमी पन घ्या."

मी प्याले. सगळा तांब्या.